नदी आपोआप शुद्ध होते? एका विषाणूची सव्वाशे वर्षांची गोष्ट

पवनेत सांडपाणी सोडण्याचा विषय निघाला की आपल्या भागात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "वाहत्या पाण्याला काही होत नाही." पूर्वी गोष्ट एवढ्यावरच थांबायची. आता त्याला विज्ञानाचा टेकू मिळालाय. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो मेसेज तुम्हालाही आला असेल: गंगेच्या पाण्यात जंतू खाणारे विषाणू असतात, म्हणून ते पाणी सडत नाही, आणि हे एका इंग्रज शास्त्रज्ञानेच १८९६ साली सिद्ध केलंय. मग पुढचा हिशोब लोक स्वतःच करतात. गंगेत आहेत तर इंद्रायणीत असतील, इंद्रायणीत आहेत तर पवनेतही असतील. म्हणजे काळजीचं कारण नाही.

मी शिरगावचा. आमच्या खाली गहुंजे, त्याच्या खाली रावेत. रावेतच्या बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवडच्या लाखो लोकांचं पिण्याचं पाणी उचललं जातं. त्यामुळे हा मेसेज वाचून पुढे ढकलणं मला जमत नाही. त्यात अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यावर माणूस डोळे मिटून विश्वास ठेवतो. म्हणून ही गोष्ट पहिल्यापासून सांगतो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

तो इंग्रज शास्त्रज्ञ खरोखर होता. नाव अर्नेस्ट हॅनबरी हँकिन. आग्र्याला सरकारी रासायनिक परीक्षक होता. माणूस हरहुन्नरी, पुढे त्याने गिधाडं पंख न हलवता कशी तरंगतात यावर अभ्यास केला आणि मोगल इमारतींवरच्या नक्षीची भूमितीही उलगडली. १८९६ साली त्याने पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. विषय होता, गंगा आणि यमुनेच्या पाण्याचा पटकीच्या जिवाणूंवर होणारा परिणाम. पटकी म्हणजे कॉलरा. या रोगाची दहशत काय होती, हे गावोगावच्या वेशीवरची मरीआईची देवळं आजही सांगतात.

हँकिनने बघितलं ते असं: नदीचं न उकळलेलं पाणी बारीक गाळणीतून गाळून घेतलं आणि त्यात पटकीचे जिवाणू सोडले, तर ते काही तासांत मरतात. तेच पाणी उकळून गार केलं तर जिवाणू मजेत वाढतात. मेसेजमध्ये येतं ते इथपर्यंतच.

पण त्याने आणखी एक प्रयोग केला होता, आणि तो मेसेजमध्ये कधीच नसतो. तेच पाणी त्याने हवाबंद नळीत घालून तापवलं. त्या पाण्याचा जंतू मारण्याचा गुण टिकून राहिला. उघड्या भांड्यात गुण जातो आणि बंद नळीत टिकतो, याचा अर्थ पाण्यात उडून जाणारं काहीतरी रसायन असावं, असा निष्कर्ष हँकिनने काढला. विषाणू हा शब्दही त्याने वापरला नाही. आजच्या काही अभ्यासकांनी त्याचा मूळ निबंध पुन्हा वाचला आणि म्हटलं, बरोबर आहे, इतकं तापवल्यावर विषाणू टिकला नसता. हँकिनने पाहिलेला परिणाम बहुधा विषाणूंचा नव्हताच. म्हणजे "इंग्रजाने १८९६ साली सिद्ध केलं" हे वाक्य त्या इंग्रजालाच मान्य झालं नसतं.

मग जंतू खाणारे विषाणू खोटे का? अजिबात नाहीत. ते खरे आहेत, फक्त त्यांचा शोध लागला तो नदीत नाही, माणसाच्या शौचात.

१९१५ मध्ये लंडनला फ्रेडरिक ट्वॉर्टला त्यांची पहिली चाहूल लागली. पण नीट पकडलं ते फेलिक्स डेरेलने. त्याच्याकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती; बहुतेक सगळं स्वतःच शिकलेला माणूस. पहिलं महायुद्ध चालू होतं, फ्रेंच सैनिकांत रक्ती हगवण पसरली होती. डेरेल रोग्यांचं शौच पाण्यात कालवून इतक्या बारीक गाळणीतून गाळायचा की जिवाणू अडकून राहतील. ते गाळलेलं पाणी हगवणीच्या जिवाणूंच्या गढूळ काचपात्रात टाकलं, की काही वेळा ते पात्र नितळ व्हायचं. जिवाणू फुटून विरघळलेले असायचे. त्याच्या लक्षात आलं की रोगी बरा व्हायला लागतो तेव्हाच त्याच्या शौचात ही ताकद वाढते. १९१७ मध्ये त्याने हे जाहीर केलं आणि नाव दिलं बॅक्टेरियोफेज, म्हणजे जिवाणू खाणारा. थोडक्यात फेज.

फेज खरं तर काही खात नाही. तो जिवाणूच्या अंगावर उतरतो, आपली जनुकं आत सोडतो, जिवाणूच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती बनवून घेतो आणि शेवटी त्याला फोडून बाहेर पडतो. माणसाच्या पेशींना तो हात लावत नाही. शिवाय तो फार निवडक आहे. हगवणीच्या एका जातीला मारणारा फेज दुसऱ्या जातीला ओळखतही नाही. आणि काही फेज जिवाणूला मारतच नाहीत, त्याच्या जनुकांत आपली जनुकं मिसळून गुपचूप राहतात. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९१९ मध्ये पॅरिसच्या मुलांच्या इस्पितळात हगवणीच्या रोग्याला फेज पाजायचं ठरलं, तेव्हा आदल्या दिवशी डेरेल आणि तिथले डॉक्टर स्वतः ते प्यायले. मुलगा बरा झाला. मग जगभर फेजचा गवगवा झाला. पेनिसिलिन यायला अजून वीसेक वर्षं होती. जिवाणूला मारणारं औषध डॉक्टरांकडे जवळपास नव्हतंच.

इथून ही गोष्ट आपल्याकडे येते.

मुंबईत १८९६ ला प्लेग आला, १८९७ ला पुण्यात. घरात घुसून केलेली तपासणी, लोकांना उचलून नेणं, सामान जाळणं, या सगळ्याचा राग २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत रँडवर झाडलेल्या गोळीतून बाहेर पडला. गोळी झाडणारे चापेकर बंधू आपल्या पवनाकाठच्या चिंचवडचे. त्याच प्लेगमध्ये वाल्देमार हाफकिनने मुंबईत लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. परळला उभ्या राहिलेल्या त्याच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचंच नाव दिलं गेलं, ती आजची हाफकिन संस्था.

याच हाफकिनमध्ये १९२० च्या दशकात सरकारने डेरेलला बोलावलं. प्लेगवर फेज चालतो का बघायचं होतं. प्लेगच्या बाबतीत फारसं हाती लागलं नाही. पण पटकीवर काम पुढे गेलं. १९२७ पासून जवळपास दहा वर्षं भारतात फेजची मोठी चौकशी चालली. खर्च इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचा. याच संस्थेचं पुढे आयसीएमआर झालं. पंजाबात रोग्यांना फेज पाजलं गेलं, विहिरींत फेज ओतलं गेलं. कलकत्त्याच्या इस्पितळांत उपचार झाले. आसामात मॉरिसन नावाच्या डॉक्टरने नौगाव भागात फेज वाटलं आणि तुलनेसाठी हबीगंज भागात वाटलं नाही.

मला वाटतं, तेव्हाच्या अधिकाऱ्यांना यातली सर्वांत मोठी सोय ही वाटली असणार की सुई टोचायची नाही. विहिरीत कुपी ओतायची, बस. रँडच्या प्रकरणानंतर लोकांच्या घरात घुसून काही करायला सरकार बिचकणारच.

निकाल काय लागला? पहिले आकडे जोरदार होते. फेज घेतलेले रोगी कमी मेले, नौगावात पटकी ओसरली. पण शंकाही तितक्याच होत्या. पटकी अशीही काही वर्षं येते, काही वर्षं गायब होते. नौगाव आणि हबीगंज मुळात सारखे होते का? ज्यांना फेज दिलं आणि ज्यांना दिलं नाही, ते एकाच अवस्थेत होते का? या प्रश्नांची पक्की उत्तरं मिळाली नाहीत आणि १९३० च्या दशकातच ही चौकशी गुंडाळली गेली.

पुढे अँटिबायोटिक्स आली. ती तर आपल्या दारातच आली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, सार्वजनिक क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना. आपल्या भागातल्या कितीतरी घरांची चूल त्या 'एचए'च्या पगारावर पेटली. एक गोळी अनेक जिवाणूंना मारते म्हटल्यावर एकेका जिवाणूसाठी वेगळा फेज कोण शोधत बसणार? जॉर्जियाच्या तिबिलिसी शहरात मात्र १९२३ पासूनची फेजची संस्था टिकली, आणि आता अँटिबायोटिक्सना न जुमानणारे जिवाणू वाढले तसं जग पुन्हा तिकडे वळतंय.

पण पटकी आटोक्यात आली ती फेजने नाही आणि मुख्यतः अँटिबायोटिक्सनेही नाही. ती आली स्वच्छ पाण्याने, आणि लागण झालीच तर मीठ-साखर-पाण्याने. १९७१ ला बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ओआरएस देऊन हजारो जीव वाचवले. इतकं साधं.

आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. १९५९ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी दाखवलं की पटकीचा जिवाणू एक विष सोडतो आणि त्या विषामुळेच माणसाच्या अंगातलं पाणी निघून जातं. मग १९९६ मध्ये, हँकिनच्या निबंधाला बरोबर शंभर वर्षं झाल्यावर, अमेरिकेत वॉल्डर आणि मेकॅलॅनोस यांनी शोधलं की हे विष बनवायची जनुकं जिवाणूची स्वतःची नाहीतच. ती आहेत एका फेजची, जिवाणूत गुपचूप जाऊन बसलेल्या. म्हणजे ज्या पटकीवर फेज हा उतारा म्हणून विहिरीत ओतला गेला, त्या पटकीला मारक बनवणाराही एक फेजच. नदीतले सगळे विषाणू आपले राखणदार आहेत असं मानणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

आणि मुख्य मुद्दा याच्याही पुढचा आहे. आतड्यातल्या जिवाणूंचे फेज नदीत येतात कुठून?

फेज जिवाणूशिवाय वाढत नाही. आतड्यातल्या जिवाणूवर वाढणारा फेज आतड्यातच वाढतो. आपल्या प्रत्येकाच्या पोटात लाखो कोटी जिवाणू आहेत आणि एक ग्रॅम शौचात अब्जावधी फेज सापडतात. २०१४ मध्ये संशोधकांनी शौचाच्या नमुन्यांची आधीच प्रसिद्ध झालेली जनुकीय माहिती संगणकावर पुन्हा जोडून बघितली, तेव्हा एक असा फेज सापडला जो असंख्य माणसांच्या पोटात होता आणि तोवर कुणाच्या नजरेलाच पडला नव्हता. क्रॉस-असेंब्ली या संगणकी पद्धतीवरून त्याचं नाव क्रॅसफेज. तो प्रामुख्याने माणसातच सापडतो. जगभरच्या मैलापाण्यात तो आहे. त्यामुळे अमेरिकेत त्याचा उपयोग खूण म्हणून करतात. पाण्यात क्रॅसफेज दिसला म्हणजे त्यात माणसाचा मैला मिसळलाय.

आता मेसेजकडे परत बघा. नदीत जंतू मारणारे विषाणू सापडले, हा नदीच्या शुद्धतेचा पुरावा म्हणून सांगितला जातो. पण ते विषाणू आतड्यातल्या जिवाणूंचे असतील, तर तो आपण नदीत काय सोडतोय याचा पुरावा आहे. घरात मुंग्या दिसल्या तर आपण साखर कुठे सांडली ते शोधतो. मुंग्या साखर खाऊन घर साफ करतील म्हणून निवांत झोपत नाही.

फेज जिवाणू मारतो हे खरं, पण सगळे मारत नाही. सगळे मारले तर त्याचंच खाणं संपेल. जिवाणू कमी झाले की फेज कमी होतात, मग जिवाणू पुन्हा वाढतात. आणि वरून रोज नवा मैला येत राहिला तर हा खेळ कधीच संपत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे मोजले. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात. पवना आणि इंद्रायणी दोन्ही त्या यादीत. वाहत्या पाण्याला काही होत नसतं तर ही यादी कोरी असती.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, तो आकडा दोनशेच्या वर गेला. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. पुण्याच्या इतक्या जवळ, या काळात, पाण्याबद्दल तेच जुने प्रश्न विचारायची वेळ आली.

आमच्या पट्ट्याचं सांगायचं तर सोमाटणे फाट्यापासून गहुंज्यापर्यंत शेतं जाऊन सोसायट्या आल्या. प्रतिशिर्डीमुळे गुरुवारी गर्दी असते, हॉटेलं आली. माणसं वाढली की मैलापाणी वाढणार, त्यात कुणाचा दोष नाही. प्रश्न आहे ते जातं कुठे याचा. शोषखड्डा भरला की? टँकरने उपसलेला मैला रात्री कुठे रिकामा होतो? आणि कधी चर्चा झालीच तर बोट दाखवलं जातं शेतकऱ्याकडे: तुम्ही नदीवर गुरं धुता, गोठ्याचं पाणी सोडता. नेहमीच्या कोलीफॉर्म चाचणीत हा वाद सुटत नाही, कारण ई-कोलाय माणसाच्या पोटातही असतो आणि गाईच्याही. माणसाच्या फेजची चाचणी मात्र हा वाद सोडवू शकते. फक्त ती आपल्याकडे आधी पारखून घ्यावी लागेल. पुण्याच्या एनसीसीएस संस्थेत डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलंय की भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला गटाचे जिवाणू जास्त असतात. क्रॅसफेज मुळात ओळखला गेला तो बॅक्टेरॉइड्स गटावर, जो पाश्चात्त्यांत जास्त. ही पारख करू शकणारी माणसं आणि प्रयोगशाळा आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहेत.

याच पवनेच्या पाण्यासाठी ९ ऑगस्ट २०११ ला एक्स्प्रेसवेवर बऊरजवळ गोळीबार झाला आणि बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या तिघांचे जीव गेले. पाणी कुणाचं, यावर मावळाने रक्त सांडलंय. त्या पाण्यात काय आहे, हे विचारायला तर नुसता हात वर करायचाय.

म्हणून ग्रामसभेत विचारायचे तीन प्रश्न लिहून ठेवतो.

१. गावाला पाण्याचं हिरवं कार्ड मिळालं की पिवळं, हे आपण विचारतो. पण टीसीएल पावडर टाकून केलेली ओटी टेस्ट फक्त क्लोरीन सांगते, आणि काळी पडणारी एचटूएसची बाटली फक्त जिवाणूंचा इशारा देते. विषाणू दोन्हींत दिसत नाहीत, आणि काही विषाणू क्लोरीनला जिवाणूंपेक्षा जास्त दाद देत नाहीत. मग विषाणूंची तपासणी कोण करतं, वर्षातून किती वेळा?

२. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, यात २०१२ पासून स्पष्ट लिहिलंय की एक लिटर पाण्यात एमएस-२ फेज अजिबात असता कामा नये. एमएस-२ हा ई-कोलायवर वाढणारा फेज, आपल्या याच गोष्टीतला. म्हणजे आपल्या देशाच्या मानकाने फेजला रक्षक मानलेलं नाही, धोक्याची खूण मानलंय. आपल्या नळाच्या पाण्याचा एमएस-२ चा अहवाल आहे का? असेल तर तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

३. सोसायट्यांचे एसटीपी चालू आहेत का, आणि मैला उपसणारे टँकर कुठे रिकामे होतात, याची नोंद कुणाकडे आहे?

नदीवर श्रद्धा असणाऱ्यांना दुखवण्यासाठी हे लिहिलेलं नाही. माझीही आहे. पण जिला आई म्हणतो ती आजारी पडली तर "ती आपोआप बरी होते" म्हणून कुणी घरी बसत नाही. पुढच्या वेळी तो मेसेज आला की पाठवणाऱ्याला हँकिनची बंद नळी सांगा, आणि हे तीन प्रश्नही पाठवा. आपापल्या गावात कुणी विचारले आणि काय उत्तर मिळालं, ते खाली नक्की लिहा.